निळीचं बॉनेट उघडलं तेव्हा

१

कॅप्टनने निळीचं बॉनेट उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

म्हणजे बॅटरी होती, वायरी होत्या, रेडिएटरही जागेवर होता. पण मधोमध, जिथे सहा सिलिंडरचं इंजिन असायचं, तिथून थेट खालची फरशी दिसत होती. पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. मी दातांचा डॉक्टर आहे. दाढ काढल्यावर राहिलेला खड्डा मला नवा नाही. पण एवढा मोठा खड्डा मी पहिल्यांदाच बघत होतो.

आमचा क्लब जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांचा. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या गाड्या बाहेरून एखाद्या कारकुनाच्या वाटाव्यात अशा साध्या, आणि पोटात शर्यतीचं इंजिन. आम्ही त्यांना आणखी नटवतो. रुंद टायर, चाकांवर फुगवलेले पत्रे, जमिनीला टेकेल अशी बसकी ठेवण. माझी बायको म्हणते, म्हाताऱ्यांना जिममध्ये पाठवणारी माणसं तुम्ही.

या सगळ्यांत निळी म्हणजे पट्टराणी. तिच्या आवाजासाठी माणसं लांबून यायची. ते इंजिन आपण जपानहून मागवून स्वतः बांधलं, असं कॅप्टन सांगायचा. कॅप्टन सैन्यात नव्हता आणि जहाजावरही नव्हता. त्याचं टाईल्सचं शोरूम होतं. गाड्यांचा ताफा निघाला की सगळ्यांत पुढे तो, म्हणून कॅप्टन.

वार्षिक मेळावा एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या शेडमध्ये होता. आत इंजिन चालू करायला बंदी, म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या गाड्या ढकलत आत नेल्या. निळी नुकतीच रंगवलेली. सगळ्यांचे डोळे तिच्या रंगावरच खिळले होते. मग शटरला कुलूप लागलं. रविवारी सकाळी ते कुलूप जसंच्या तसं होतं.

त्या दिवशी खास कार्यक्रम माझा होता. दाताच्या मुळात घालतो तसला बारीक कॅमेरा मी प्लगच्या भोकातून निळीच्या इंजिनात सोडणार होतो आणि आतले पिस्टन मोठ्या पडद्यावर दाखवणार होतो. पडदा लागला होता, खुर्च्या भरल्या होत्या. आता दाखवणार काय?

क्लबच्या गाड्या रंगवणारा पेंटर गाडीखाली वाकला आणि एक पाना घेऊन उठला. पान्याच्या दांड्यावर पंचने मारलेली तीन टिंबं होती. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. ती खूण, इंजिनं बांधणाऱ्या आमच्या दिवंगत उस्तादांची, आम्ही सगळेच ओळखत होतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, वहिनींकडे, सगळ्यांच्या माना वळल्या.

वहिनी शांतपणे उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

"पोलीस नकोत," कॅप्टन म्हणाला. "मला फक्त चोर हवा. सगळ्यांसमोर, नाक घासून माफी मागणारा."

मी म्हणालो, "माझी मावशी आहे. विमा कंपनीत सर्व्हेअर होती. सगळा जन्म जळलेल्या आणि ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला तिचा."

"बोलाव," कॅप्टन म्हणाला. हे त्याने करायला नको होतं.

२

मावशीला गाड्यांचं यत्किंचितही कौतुक नाही. "मी त्या मेलेल्याच बघितल्या रे," ती म्हणते. सोमवारी तिने शेडमध्ये येऊन आधी चष्मा पुसला, मग निळीभोवती एक फेरी मारली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेत जमिनीवर बसून फरशीवर बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

"तो काय म्हणाला? इंजिन शोधा म्हणाला, की चोर शोधा?"

"चोर."

"हं," ती म्हणाली. "माझ्या घरचा मिक्सर चोरीला गेला, तर मी आधी मिक्सर मागेन."

दुपारी आम्ही कॅप्टनच्या शोरूममध्ये गेलो. नळ आहेत आणि पाणी नाही, अशा नमुन्याच्या न्हाणीघरांमधून तो आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेला. तिथे टबांचे लाकडी खोके एकावर एक रचले होते. एक खोका तेवढा वेगळा, भिंतीशी, त्याच्यावर जाड रजई टाकलेली. कॅप्टन त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"वहिनींवर संशय कशावरून?" मावशीने विचारलं.

"संशय कसला, पाना सापडलाय. बाईचा माझ्यावर राग आहे. तिचा नवरा, आमचे उस्ताद, गाडी चालवताना गेले. मी शेजारी बसलो होतो, मी वाचलो. हे तिला सहन होत नाही."

ती गोष्ट क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी उस्ताद आपली हिरवी गाडी घेऊन घाटात गेले होते. स्वतः बांधलेलं इंजिन. कॅप्टन सांगायचा की एका वळणावर ते इंजिन जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी धरली आणि गाडी कड्यावर आपटली.

"फार मोठा माणूस, पण त्या इंजिनाच्या बांधणीत चुकला," कॅप्टन हळहळत म्हणाला. "मला सीटच्या पट्ट्याने वाचवलं. गळ्याखालचं हाड मोडलं, बघा, अजून वर आलंय." त्याने शर्टाचं बटण काढून उजव्या खांद्याजवळचा उंचवटा दाखवला. मावशीने तो नीट बघून घेतला, डॉक्टरने बघावा तसा.

"आणि ती हिरवी गाडी?"

"भंगारात घातली. मीच घातली. त्या बाईला ते डोळ्यांसमोर कशाला?"

बाहेर आल्यावर मावशीने मागे वळून गोदामाकडे बघितलं. मग म्हणाली, "टबाला थंडी वाजते का रे?"

३

पेंटर त्याच्या शेडमध्ये होता. अंगभर इतक्या रंगांचे शिंतोडे, की मूळचा माणूस कुठला ते कळू नये. आम्हाला बघून त्याने तोंडावरचा मास्क काढला आणि बोलायला सुरुवातच केली.

"मला त्यात ओढू नका. मी पाना उचलला, एवढंच. आता सगळे म्हणतात मीच वहिनींना अडकवलं. त्यांनी माझ्या मुलीला लेथ चालवायला शिकवलंय, मी कशाला अडकवू?"

"निळी तुझ्याकडून कधी गेली?" मावशीने विचारलं.

"शुक्रवारी दुपारी. मी स्वतः चालू केली आणि ट्रेलरवर चढवली. तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी हाताखालच्या माणसांना तिला हात लावू दिला नाही."

"म्हणजे इंजिन होतं."

"बाई, इंजिनाशिवाय कशी चढली असती?"

"तिथून कुठे गेली?"

"कॅप्टनच्या गॅरेजात. शनिवारी संध्याकाळी तिथूनच ट्रेलरने शेडवर आली. उतरवून ढकलली. हलकी वाटली मला, पण चार जण होते ढकलायला."

मावशीने माझ्याकडे हात पुढे केला. "शनिवारचे फोटो दाखव."

माझ्या फोनमध्ये निळीचे डझनभर फोटो होते. पेंटरलाच हवे होते, नव्या रंगाचे. मावशी रंगाकडे बघतच नव्हती. तिने पुढच्या चाकाचा भाग मोठा केला, मग पेंटरच्या फोनमधला मागच्या वर्षीचा फोटो मागितला आणि दोन्ही फोन शेजारी धरले.

मागच्या वर्षी टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये करंगळीही गेली नसती, इतकी निळी पुढून बसकी होती. शनिवारच्या फोटोत तिथे माझी अख्खी मूठ मावली असती. नाक वर करून उभी होती ती, रुसलेल्या बाईसारखी. आम्ही पन्नास गाडीवेडे तिच्याभोवती पिंगा घालत होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"ओझं उतरलं की स्प्रिंग वर येते," मावशी म्हणाली. "एवढं इंजिन शेडमध्ये काढलं असतं तर फरशीवर तेलाचा, पाण्याचा एखादा तरी थेंब पडला असता. कुलपाला हात लागला नाही, कारण कोणी आत आलंच नाही. इंजिन आधीच गेलेलं होतं."

"पण शुक्रवार ते शनिवार गाडी कॅप्टनकडेच—" मी बोलता बोलता थांबलो.

पेंटर मटकन डब्यावर बसला. "स्वतःचं इंजिन कोणी चोरतं का?"

"तेच वहिनींना विचारू," मावशी म्हणाली.

४

वहिनींच्या वर्कशॉपमध्ये मी वर्षानुवर्षं गेलो नव्हतो. क्लबमधलं कोणीच जात नसे. ज्याने बांधलेलं इंजिन जाम होऊन तो स्वतःच गेला, त्याच्या वर्कशॉपमध्ये आपलं इंजिन कोण देणार? नवरा गेल्यावर वहिनी लेथवर बसल्या, आणि उसाच्या चरकाचे, पिठाच्या गिरणीचे भाग कातून त्यांनी संसार ओढला. शाळेत त्यांच्या मुलाला पोरं 'जाम' म्हणून हाक मारायची. तो मोठा झाला आणि दूर नोकरी धरून बसला. घरी येणं त्याने सोडूनच दिलं होतं.

भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवलेली, म्हणजे काय कुठे लावायचं ते कळावं. पान्यांच्या रांगेत एकच आकृती रिकामी होती. मावशीने शेडमधला पाना तिथे धरला. बरोबर बसला.

"तुमचाच," मावशी म्हणाली.

"आमचाच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी लेथ बंद केला. "पण तो माझ्याकडे नव्हता. आमचे हे शेवटचं घराबाहेर पडले, तेव्हा तो त्यांनी बरोबर घेतला होता. हिरवीच्या डिकीत होता. त्या दिवसापासून ही जागा रिकामी आहे."

हिरवी भंगारात गेली असेल, तर तिच्या डिकीतला पाना निळीखाली कसा आला?

"तुम्हाला हे रविवारीच कळलं होतं," मावशी म्हणाली.

"पाना बघितला तेव्हा खात्री झाली. संशय वर्षभरापासून होता. गेल्या मेळाव्याला पेंटरभाऊंनी बळंच नेलं. शेडबाहेर निळी चालू झाली आणि तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला. ह्यांनी कॅमशाफ्ट, इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, स्वतः घासून बनवला होता. त्यामुळे संथ चालताना इंजिन मध्येच किंचित लंगडतं. मी जेवण वाढायचे आणि खालून तो आवाज यायचा, कित्येक महिने. नवऱ्याची पावलं ओळखायला बायकोला पुरावा लागतो का? पण लोकांना लागतो."

"म्हणून तुम्ही माझ्या भाच्याला गाठलंत."

वहिनी माझ्याकडे बघून जरा ओशाळल्या. "डॉक्टर, माझी दाढ दुखत नव्हती."

तेव्हा मला आठवलं. माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या वहिनींनी पडद्याकडे बघत सहज विचारलं होतं, हा कॅमेरा इंजिनातही जाईल का हो? आणि ही कल्पना आपलीच, असं समजून मी वर्षभर मिरवत होतो.

"आमचे हे प्रत्येक पिस्टनवर तीन टिंबं मारायचे," त्या म्हणाल्या. "पडद्यावर ती एकदा सगळ्यांनी बघायला हवी होती. कॅप्टनभावजी घाबरतील एवढं ठाऊक होतं. पण ते मलाच चोर ठरवतील हे नव्हतं ठाऊक."

"इंजिन मिळालं तर काय कराल?" मावशीने विचारलं.

वहिनींनी पाना घेतला आणि त्या रिकाम्या आकृतीवर लावला. "ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त मिळवून द्या."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने कॅप्टनला निरोप दिला, की चोर सापडला, गोदामात सगळ्यांना बोलवा. कॅप्टनने आनंदाने बोलावलं. वहिनी आल्या, पेंटर आला, क्लबचे आठ-दहा जण आले. मावशीबरोबर साध्या कपड्यांतला एक फौजदार होता. तो टाईल्सचे भाव विचारत उभा राहिला.

"चोर कोण?" कॅप्टनने विचारलं.

"आधी इंजिन," मावशी म्हणाली, आणि रजई ओढली.

कॅप्टन मध्ये आला. फौजदाराने टाईल खाली ठेवली आणि त्याला बाजूला केलं. पेंटरने खोक्याच्या फळ्या उचकटल्या. आत, लाकडी ठोकळ्यांवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते इंजिन होतं. तान्ह्या बाळासारखं निजवलेलं. क्लबमधल्या एकाने नकळत हात जोडले.

मी एक प्लग काढला आणि कॅमेरा आत सोडला. त्याचा छोटा पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला. पडद्यावर काळपट पिस्टन आला आणि त्याच्यावर स्पष्ट तीन टिंबं.

"हे हिरवीचं इंजिन आहे," मावशी म्हणाली. "जे घाटात जाम झालं असं हे गृहस्थ सांगतात. जाम झालेलं इंजिन आतून खरवडून निघतं. डॉक्टर, आत ओरखडा आहे?"

"नाही. आरसा आहे."

"कॅमेऱ्याला हे नाही म्हणाले असते," मावशी म्हणाली, "तर लोकांनी विचारलं असतं, का नाही? चोरी झाली की प्रश्न दुसऱ्याला विचारतात. आणि ज्या बाईची भीती वाटते ती क्लबमधून कायमची जाते. म्हणून इतकी वर्षं जपलेला पाना बाहेर काढला."

"ठीक आहे," कॅप्टन म्हणाला. "मी इंजिन ठेवून घेतलं. चूक झाली. पण अपघात उस्तादांच्या हातून झाला. मी शेजारी होतो."

"शेजारी कुठल्या बाजूला?"

"डाव्या. जपानी गाडी आहे, स्टिअरिंग उजवीकडेच असतं."

"डावीकडे बसणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो," मावशी म्हणाली. "तुमचं हाड उजवं मोडलंय. पट्ट्याने मोडलं, हे तुम्हीच मला सांगितलंत."

कॅप्टनचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"मीच मागितली चालवायला," तो शेवटी म्हणाला. "ते नको म्हणत होते. वळणावर मला आवरली नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ते गेलेले होते. ढकलत ढकलत त्यांना या बाजूला..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आणि इंजिनाला काही झालं नव्हतं. एवढी गाडी चेपली, पण त्याला खरचटलंही नव्हतं. असलं इंजिन भंगारात कसं घालू? तुम्हीच सांगा, कोणी घातलं असतं?"

आम्हा गाडीवेड्यांपैकी एकालाही त्याच्याकडे बघवेना. वहिनी मात्र एकटक बघत होत्या.

"मेलेल्या माणसाला तू स्टिअरिंगवर बसवलंस," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत कॅप्टनसाठी त्यांच्या तोंडून 'भावजी' शिवाय शब्द गेला नव्हता. तो संपला.

६

कॅप्टनने कबुलीजबाब दिला. जामिनावर सुटला, खटला उभा राहायचा होता. सरकारी तज्ज्ञांची तपासणी झाल्यावर इंजिन वहिनींच्या ताब्यात मिळालं. मग त्यांनी एका रविवारी दुपारी सगळ्या क्लबला वर्कशॉपवर बोलावलं.

आम्ही सगळे गेलो, मान खाली घालून गेलो. आता आमची इंजिनं वहिनींकडेच द्यायची असं ठरवून गेलो होतो. अंगणात लोखंडी घोडीवर ते इंजिन घट्ट बसवलं होतं. वहिनींचा मुलगा आला होता, आईसारखाच कमी बोलणारा. फाटकाबाहेर कॅप्टन उभा होता. दाढी वाढलेली.

"त्यालाही मीच बोलावलंय," वहिनी म्हणाल्या. "येऊ दे आत. पुढे बसव."

त्यांनी इंजिन चालू केलं. तो आवाज काय सांगू. आधी दबका, लंगडत, मग त्यांनी वाढवला तसा गळा मोकळा झाल्यासारखा. पेंटर रडत होता आणि डोळे पुसल्यामुळे त्याच्या गालावर पिवळा रंग लागला होता. कॅप्टनने डोळे मिटून घेतले होते.

वहिनींनी इंजिन बंद केलं. खाली परात सरकवली, तळाचा बोल्ट सोडला. तेल काळ्या धारेने परातीत उतरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्या वाट बघत राहिल्या. मग बोल्ट पुन्हा लावला आणि परात मुलाच्या हाती दिली.

त्या काय करणार आहेत ते आमच्या एकदमच लक्षात आलं. तेलाशिवाय इंजिन चालवलं की ते मरतं.

"वहिनी, असं दुसरं नाही हो कुठे," कोणीतरी म्हणालं. मी मावशीकडे बघितलं. तिने मान हलवली. मध्ये पडू नकोस.

कॅप्टन गुडघ्यावर आला. "माझं काय हवं ते करा. मला जन्मभर आत टाका. त्याला काही करू नका, त्याने काय केलंय?"

"माझ्या माणसाने काय केलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "त्याच्यासाठी कधी असा गुडघ्यावर आला होतास?"

त्यांनी कळ दाबली. कोरडं इंजिन पेटलं. त्यांनी गती वाढवली, आणखी वाढवली. थोडा वेळ ते तसंच गात राहिलं. मग आत कुठेतरी टकटक सुरू झाली, टकटकीचे ठोके झाले, धातूवर धातू किंचाळला, जळका वास सुटला, आणि एका हिसक्यात घोडीसकट सगळं थरारून थांबलं.

"हे असं जाम होतं," वहिनी कॅप्टनला म्हणाल्या. "तू कधी ऐकलं नव्हतंस. आता कोर्टात विचारलं तर नीट सांगता येईल."

त्या आत गेल्या. मावशी त्यांच्या मागोमाग गेली. कॅप्टन उठला, इंजिनापाशी गेला आणि त्याने तापलेल्या पोलादावर उजवा तळवा टेकवला. चर्र झालं. त्याने हात काढला नाही. शेवटी पेंटरने आणि वहिनींच्या मुलाने त्याला मागे ओढलं.

वहिनी दारात आल्या. त्याच्या तळव्याकडे त्यांनी क्षणभर बघितलं. त्यांचा चेहरा शांत होता, पोटभर जेवलेल्या माणसासारखा.

"मागे नळ आहे," त्या म्हणाल्या. "हात पाण्याखाली धर, जळजळ थांबेपर्यंत धर. आणि मग चालू लाग. मला कामं आहेत."